नावं नसलेली वही

सुप्याच्या एका कारखान्यात मी कामगारांची हजेरी आणि अर्ज सांभाळतो. कामगारांची माहिती कशी जपायची हे सांगायला पुण्याच्या सल्लागार कंपनीतल्या एक मॅडम दर महिन्याला येतात. गेटवरच्या रजिस्टरमध्ये मोबाईल नंबर लिहायच्या आधी त्या वॉचमनला दर वेळी विचारतात, "हा कशाला लागतो, दादा?"

"रकाना हाय म्हनून," वॉचमन म्हणतो. मग त्या तो रकाना मोकळाच सोडतात.

कामगार भरतीसाठी मी वापरतो त्या अर्जाचीही त्यांनी अशीच उलटतपासणी केली. वडिलांचा धंदा कशाला? जात कशाला? मला राग आला, तरी मी एकेक रकाना खोडत गेलो. चार पानांचा अर्ज दीड पानावर आला.

मागच्या महिन्यात चेहरा दाखवून हजेरी लावायचं मशीन घ्यायचं ठरत होतं. मॅडम कॅन्टीनमध्ये बसून एकेकाशी, माझ्याशीही, बोलल्या, वहीत लिहीत गेल्या. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, की बहुतेकांना हे मशीन नको आहे.

मोठे साहेब तापले. "कोण कोण नको म्हणालं? नावं द्या."

मॅडमनी वही सरळ त्यांच्यापुढे सरकवली. साहेब पानं उलटू लागले. तिसऱ्या पानावर माझं म्हणणं होतं, आणि मी साहेबांच्या शेजारीच बसलो होतो. प्रत्येकाचं म्हणणं शब्दन् शब्द लिहिलेलं होतं. नाव मात्र एकही नव्हतं.

"नावं लिहायला विसरलात?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मागणार हे माहीत होतं, म्हणून कुणाला विचारलीच नाहीत."