न भाजलेला अर्धा वाफा

१९५१ च्या जूनमध्ये मी कळव्यापलीकडचे आमचे गाव सोडले आणि पुण्याच्या एका माती-प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नोकरीला लागलो. निघताना वडील शेतातून आले, हात धुतले आणि एवढेच म्हणाले, "आमचा नाव राख, पोरा." आईने ट्रंकेत सुके बोंबील ठेवले होते. वास येईल म्हणून मी ते तिच्यासमोरच काढले.

गावात राहिलेल्यांना राब सांगायला नको. बाहेर गेलेल्यांच्या मुलांसाठी लिहितो. भाताचे रोप जिथे करायचे त्या वाफ्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पाला आणि गवत यांचे थर रचून ते उन्हाळ्यात जाळतात. मग पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरतात. आमचे साहेब मृदाशास्त्रज्ञ होते. फांद्यांसाठी डोंगर उघडे पडत चालले होते, आणि जाळलेल्या पाल्यातला किती कर्ब हवेत जातो, किती नत्र मातीला मिळते, हे त्यांना मोजायचे होते. १९५४ साली प्रयोगासाठी गाव हवे होते. मी आमचे सुचवले. ते माझे आहे, हे सांगितले नाही.

वडिलांनी अर्धा वाफा भाजला, अर्धा तसाच ठेवला. साहेब पाहायला आले तेव्हा वडील लंगोटीवर, गुडघाभर चिखलात उभे होते. "हे कोण?" साहेबांनी विचारले. मी म्हणालो, "इथले शेतकरी." वडिलांनी ते ऐकले आणि साहेबांना नमस्कार केला.

शेजारचे जोमाकाका बांधावरून मजा बघत होते. "पुन्याला जाऊन चिकलच मोजतस ना रं? चिकल तं हितं पन व्हता!"

पंधरा दिवसांनी मी रोपे आणि माती घेऊन गेलो. पृथक्करणात दोन्ही अर्ध्यांत फरक जवळजवळ नव्हता. साहेब खूश झाले. राब न भाजताही तेच रोप मिळते, तर पाला जाळू नये, कुजवून मातीत घालावा, असा अहवाल तयार होऊ लागला.

तो टंकलिखित होत असताना मी गावी गेलो. आई सहज बोलून गेली. न भाजलेल्या अर्ध्यातले रोप पिवळे पडले होते. गाव दुपारी जेवायला बसले की ती आणि वडील भाजलेल्या बाजूची राख, चुलीतली राख आणि उकिरड्यातले खत टोपलीने त्या बाजूला नेऊन टाकत.

"पन का?" मी विचारले.

"तुजे सायबाला पिवली रोपा दाखवाची काय? लाज नाय वाटत आमाला?"

हे साहेबांना सांगायचे तर तो शेतकरी कोण आणि त्याने असे का केले, हेही सांगावे लागले असते. मी पुण्याला परतलो आणि अहवालाच्या प्रती जुळवल्या.

पुढच्या पौषात त्यातली शिफारस गावोगाव वाचून दाखवायची होती. आमच्या गावी मलाच पाठवले. देवळासमोर माणसे जमली. जोमाकाका म्हणाले, "त्या कागदाचा जाऊ दे. तुजा बापूस भाजनार नाय का, त्यो सांग."

वडील खांबाला टेकून बसले होते. मी म्हणालो, "नाही भाजणार."

"मंग मी पन नाय," जोमाकाका म्हणाले.

खरे काय ते वडिलांना माहीत होते. तरी त्या उन्हाळ्यात त्यांनी राब भाजला नाही. मी चारचौघांत तसे म्हटले होते.

आषाढात त्यांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेले पत्र आले : रोप बरे आहे, काळजी नसावी. दसऱ्याला गेलो तेव्हा आमची तीन आणि जोमाकाकांची दोन खाचरे पडीक होती. लावायला पुरेल इतके रोप झालेच नव्हते. जोमाकाकांचा थोरला ठाण्याच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागला होता. काकांनी मला चहा दिला. आई म्हणाली, "तुजा बापूस वाफ्याकडं जातच नाय आता."

आता मी ठाण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. घरात पुणेरी बोलतो. अर्जावर कायमचा पत्ता म्हणून गावाचे नाव लिहितो आणि वर्षाकाठी एकदा, दुपारपुरता, तिथे जातो.

१९५७ साली मी साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "दुरुस्तीपत्रक काढू." ते मी स्वतः लिहिले. त्यांनी सही केली. ते आमच्या तालुक्याला पोचल्याची पोच दप्तरात आहे. गावात ते कोणी वाचून दाखवले नाही. वडील आणि जोमाकाका तोवर दोन वर्षे पुन्हा राब भाजत होते.