एंडॉर्फिनवाली फुई

मी सुरतेत रंगाच्या मिलमध्ये केमिकलचे ड्रम उतरवतो. नाकाला फडकं बांधूनही संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. त्यामुळे केमिकलने माणूस सुखी होतो, हे सरलाफुईने मला सांगितलं तेव्हा मला हसूच फुटलं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची, धुडकूची, थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गोडादऱ्यात आमच्याच गल्लीत एका खोलीत राहायची आणि वेसूच्या शेठलोकांच्या वस्तीत एका आनंद-वर्गात झाडूपोछा करायची. तो वर्ग चालवणाऱ्या चंचलबेनचं म्हणणं असं, की माणसाच्या अंगातच सुखाचा कारखाना आहे. डोपामिन, सेरोटोनिन, ऑक्सिटोसिन, सगळा माल आत तयार. दर रविवारी सकाळी मोकळं रडलं की एंडॉर्फिन सुटतं आणि आठवडा मजेत जातो. आमच्या गल्लीत लोक फुकट रडतात आणि तरी मजेत नसतात, पण आम्हाला शास्त्र कुठे कळतं!

अडचण एवढीच होती, की शेठ-शेठाण्यांना रडू येईना. चाळीस जण चटईवर बसून डोळे मिचकावायचे. एकीने पापणीला बाम लावला आणि दिवसभर डॉक्टरकडे बसली. हे पाहून फुईचा जीव वरखाली झाला. आमच्या खानदेशात मयताला बाई शब्द लावून, सूर धरून रडते, आणि त्या कामात फुईचा हात धरणारं गोडादऱ्यात कोणी नव्हतं. तिने पोछा बाजूला ठेवला, बसली आणि गळा काढला. अहिराणीतला एक शब्द कुणाला कळला नाही, पण चाळीसच्या चाळीस ढसाढसा रडले. नंतर खाली नाश्त्याला लोचोच्या गाडीवर हीऽ गर्दी.

तेव्हापासून रविवारी तिच्या हातात पोछा नाही. "सरलाबेन, शुरू करो," असं चंचलबेनने म्हणायचं आणि फुईने सुरू करायचं.

मी एकदा विचारलं, एवढं रडू आणतेस कुठून? ती म्हणाली, "तुन्हा बापले मारस." म्हणजे मनातल्या मनात. जगात सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर, म्हणून दर रविवारी मरायचं त्यानेच. वडिलांना याचा राग येईल असं वाटलं, तर ते उलट फुगले. रविवारी दुपारी ती आली, की चहा पुढे करून विचारायचे, "बाई, आज मी कसा मरनू?"

"टेंपोखाले. जागीच."

"बेस! तरास नही व्हयना." आणि दोघं खो खो हसायची. ते हसणं कोणत्या केमिकलमुळे, ते चंचलबेनला विचारायचं राहून गेलं.

मग एका मंगळवारी वडील खरोखर गेले. झोपेत, कुणाला न विचारता.

तिरडी बांधून झाली. बाया फुईकडे बघत थांबल्या, कारण सुरुवात तिनेच करायची. फुई उशाशी बसली. अर्धा तास झाला, डोळ्याला पाणी नाही. ती नुसती त्यांच्या सदऱ्याचं बटण लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मागून कुणीतरी म्हणालं, "शेठाणीसकरता रडस, भाऊकरता नही." मला ते लागलं, आणि पटलंही. म्हातारीने माझ्या बापाचं रडू रविवारी रविवारी विकून संपवलं, असं मी चार माणसांत बोललो. दहाव्यापर्यंत तिच्याकडे पाहिलंही नाही.

तेराव्यानंतर चंचलबेनचा फोन आला. सरलाबेन येतात, बसतात, पण रडत नाहीत. अंगातलं केमिकल बिघडलंय, गोळ्या आणा. गोळ्या आणायच्या आत कळलं, की फुईने काम सोडलं. रविवारचंच नाही, झाडूपोछासुद्धा.

मी तावातावाने तिच्या खोलीवर गेलो. ती मेथी निवडत होती.

"बापले रडनी नही, आते कामबी सोडी दिधं? खाशी काय?"

"चंचलबेन म्हने, दुसरा कोनी ध्यानमा आन," ती खाली बघूनच म्हणाली.

"मंग आन ना!" मी ओरडलो.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"आते तूच उरना ना रे, गोपाल."