विषम आकड्याचं कर्नल

मालक ओरडत होते आणि मंदाताई रडत नव्हत्या, हेच मालकांना सहन होत नव्हतं.

जालन्याच्या आमच्या बियाणे कंपनीचा सर्व्हर सकाळी सुरूच झाला नाही. कपाशीच्या सगळ्या लॉटचे उगवणीचे रिझल्ट त्यात होते. रिझल्ट नाही तर पिशवीला टॅग नाही, टॅग नाही तर माल गेटबाहेर नाही. पेरणी तोंडावर आलेली. मंठ्याचे, तीर्थपुरीचे डीलर गाड्या घेऊन उभे.

"काल मशीन कुणी बंद केली?"

"मीच, साहेब. रोजच्यासारखी. बराबर शटडाऊन करून गेल्ते."

मंदाताई आमच्याकडे डाटा एन्ट्री करायच्या. टेंभुर्णीच्या. घर त्यांच्या एकट्यांच्या पगारावर चालायचं.

कारण मला ठाऊक होतं. सिस्टीम मीच टाकली होती.

लिनक्स ही सगळ्यांना खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम. तिचा गाभा म्हणजे कर्नल. त्या काळी कर्नलच्या नंबरातला पहिल्या टिंबानंतरचा आकडा सम असला तर ते स्टेबल, म्हणजे पारखून बाहेर सोडलेलं. विषम असला तर डेव्हलपमेंटचं, म्हणजे प्रोग्रामर लोक अजून त्यात मोडतोड करून राह्यलेत. आमच्या धंद्यात सांगायचं तर एक प्रमाणित बियाणं, दुसरं ट्रायल प्लॉटातलं.

सर्व्हर बसवला तेव्हा दोन्ही सीडी टेबलावर होत्या.

"नवी कंची?" मालकांनी विचारलं.

"ही २.३. जुनी ती २.२. पण नवी अजून—"

"मंग तीच टाक ना. आहेरात तरी आपण सम आकडा कुठं देतो?"

ते हसले. मीही हसलो. ट्रायल प्लॉट एवढे दोन शब्द बोललो असतो तर त्यांनी ती सीडी बिलकुल लावू दिली नसती. बोललो नाही. नवं कर्नल चालवून बघायची खाज माझी होती.

त्या कर्नलनं बंद होताना डिस्कवर अर्धवट लिहिलं आणि सगळं नासवलं. बॅकअप? त्याच डिस्कवर. तीही अक्कल माझीच.

मालक माझ्याकडे वळले. "हिनं घाईत बटन दाबलं असंल. काय रे, असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं," मी म्हणालो.

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्हीच शिकवल्तं न्हाई का? तसंच केलं मी."

मी बंद स्क्रीनकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. लॅबनं नमुने पुन्हा उगवायला घातले, तोवर डीलर दुसरीकडून माल घेऊन गेले. मी गुपचूप २.२ टाकलं. ते पुढं वर्षानुवर्षं पडलं नाही. मालकांनी पाठ थोपटली, "बघ, ती गेली अन् कसं झकास चालून राह्यलं!"

पाठीवरच्या त्या थापेचा मला अजून संताप येतो. त्या आहेराच्या विनोदाचा येतो. आणि 'होऊ शकतं' म्हणणाऱ्या माझ्या तोंडाचा सगळ्यात जास्त. तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही नव्हतं. हाच त्यातला हलकटपणा.

डेव्हलपमेंट कर्नल जरूर चालवावं. स्वतःच्या घरच्या मशीनवर. दुसऱ्याच्या नोकरीवर नाही.