मायचं सोंग

पुस्तकात त्याला बहुरूपी म्हणतात. आमच्या रिठदला तो भोरपी, आणि आमच्या घरात हा शब्द शिवी म्हणूनच जास्त चालायचा. कोणी थाप मारली की आत्या म्हणायची, "भोरपी कुठचा."

खरा भोरपी सुगी आटोपली की यायचा. आठ दिवस मुक्काम, रोज नवं सोंग. कधी पोलीस, कधी वैद्य, आणि शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत बिदागी मागायला. सोंगात असताना तो काहीही बोलला तरी त्याचा राग धरायचा नाही, असा गावाचा रिवाज होता.

मी सात-आठ वर्षांची असेन. बाबांशी भांडण होऊन माय शिरपूरला माहेरी गेली होती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. त्या वर्षी भोरपी शिरपूरहून आला, आणि एका सकाळी लुगडं नेसून आमच्या ओसरीवर बसला.

"लेकीले पाह्यल्याबिगर घास उतरून नाही राह्यला वं बाई," तो म्हणाला, आणि डावा कान पुढे करून उत्तराची वाट पाहू लागला. माझ्या मायला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. ती अश्शीच मान वळवायची. लोक हसले. बाबा उठून आत गेले.

"भोरपी हाय तो, खोटं बोलते," आत्या म्हणाली. पण तो कान खोटा नव्हता. माय मला बोलावत होती, हे बाबांनाही कळलंच असणार. मला कोणी शिरपूरला नेलं नाही. "माय बरी हाय, येईन," एवढंच आत्या रोज सांगायची. वर्षभर मी त्या भोरप्याची वाट पाहिली.

पुढच्या सुगीला तो वेशीत शिरताच मी त्याला आडवी गेले. "मायचं सोंग आना ना."

त्याने गाठोडं खाली ठेवलं. "ते आता नाही आनता येत, पोरी."

"काहून?"

"मेल्या मानसाचं सोंग आमी घेत नाही." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने गाठोडं घाईने उचललं. घरात सगळ्यांना पोळ्यापासून ठाऊक होतं.

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. म्हण करणाऱ्याला दुसरं काही मागावं लागलं नसेल. त्या वर्षी भोरपी आठ दिवस राहिला, पण आमच्या ओसरीवर आला नाही. एका सकाळपुरती त्याने रीत मोडायला हवी होती, असं मला या वयातही वाटतं.