एकशिंगी बैल कोणाचा?

व्यापारी मंडळी, अकोल्याहून आत्ताच परतलोय, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आजच सांगून टाकतो.

सकाळी अकोल्याच्या कापूस बाजारात उभा होतो. पाठीमागे मुंबईचे दोन खरेदीदार कुजबुजत होते, "एकशिंगी बैलाची गाठ घेऊ नका. आत ओला कापूस अन् माती निघते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकशिंगी बैल ही माझ्या कापसाच्या गाठींवरची छाप! लाकडी ठसा कोरताना सुताराच्या हातून डावं शिंग तुटलं, मी तो तसाच ठेवला. माल साफ दिला, म्हणून तो बैल मुंबईपर्यंत ओळखीचा झाला.

शोधत गेलो, तर एक व्यापारी खुशाल तोच बैल आपल्या गाठींवर उठवत होता.

"काहून रे भाऊ, माही छाप काहून मारून राहिला?"

"बैल काय तुह्या बापाचा हाये? कोणीबी काढीन."

"काढ ना! पण तुह्या बैलाचं बी डावंच शिंग कसं तुटलं?"

लोक हसले. तो मात्र ठसा मारतच राहिला.

तडक पोलीस कचेरीत गेलो. कारकुनानं विचारलं, "बैल चोरीला गेला? रंग सांगा." छापेचं सांगितल्यावर त्यानं लेखणी खाली ठेवली. "चित्राची नोंद इथं होत नाही, शेटजी."

म्हणजे दावणीचा बैल नेला तर शिपाई धावतील, अन् माझं नाव नेलं तर कोणी जागचं हलणार नाही? उद्या तुमचा मोर, तुमचा घोडाही असाच जाईल. आपल्या अमरावतीच्या बाजारातल्या भिंतीवर आपणच आपापल्या छापा नावासकट उठवू. नकली छापेची गाठ कोणी तोलायची नाही.

माझा बैल उद्या सकाळी भिंतीवर असेल. त्याच्या शेजारी कोण येतंय?