लेकीची माफी, कोरियन भाषेत

मंडळी, आज घडलेलं सांगते आणि एक प्रश्न विचारते.

बारावीतली लेक अभ्यास सोडून मोबाइलवर कोरियन शिकते आहे असं समजून काल मी तिच्यावर ओरडले. खरं तर ती मोबाइलवरून गणितं उतरवून घेत होती. चूक लगेच कळली, तरी गप्प राहिले. आमच्या पुलगावच्या घरात मोठे लहानांची माफी मागत नाहीत.

आज दुपारी ती खरोखरच कोरियन घेऊन बसली, तेव्हा मीही शेजारी बसले. हॅलो झालं, थँक्यूचं लांबलचक 'कामसाहमनिदा' झालं.

"आई, तू काऊन शिकून राह्यली?"

"असंच. सॉरीले काय म्हणतात?"

"लहानायले मिआने. मोठ्यायले वेगळं."

"मग मिआने. कालच्यासाठी."

ती म्हणाली, "उच्चार चुकला. पुन्हा म्हण."

तिनं तीनदा म्हणायला लावलं. माझा उच्चार पहिल्यांदाच बरोबर होता, असा मला दाट संशय आहे.

पण 'माझं चुकलं' हे मराठीत अजून तोंडून निघालेलं नाही. मग ही माफी झाली, की मी परक्या शब्दाआड लपले? तुम्ही मुलांना कोणत्या भाषेत सॉरी म्हणता?