वसुमतीच्या माहेरची द्राक्षवेल

माझा धाकटा भाऊ गुंडूराव. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाला, पण हुकूम सोडायची खोड काही गेली नाही. तिथे ऐकायला माणसं तरी होती. जयनगरच्या घरात उरलो आम्ही दोघी, त्याची बायको वसुमती आणि मी. आणि मागच्या अंगणातून गच्चीवर चढलेली द्राक्षवेल.

वेल वसुमतीची. शहराबाहेर येलहंक्याला तिच्या वडिलांची द्राक्षबाग होती. ती जागा विकली, आता तिथे फ्लॅट आहेत. विकण्याआधी तिनं एक काडी आणून लावली, माहेरचं तेवढंच राहिलं. "एकदा ती चव तोंडात पडू दे, तुंगाअक्का," म्हणायची. दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही.

पण वेल वाढली आणि गुंड्यानं ताबा घेतला. शाळिग्रामाच्या अभिषेकाचं पाणी पायाखाली येऊ नये, म्हणून हा ते रोज वेलीच्या बुंध्याशी ओतणार. वर शेणखत, वर शेंगदाण्याची पेंड. वेल माजली नुसती! पानं ताटाएवढी, आणि फूल? नाव नको.

वसुमती म्हणाली, "आमचे अप्पा दरवर्षी छाटून नुसत्या काड्या ठेवायचे. नव्या फुटव्यालाच फूल लागतं. आणि पाणी स्वल्प कमी करा."

"देवाचं पाणी पिणाऱ्या वेलीला लोखंड लावायचं? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

घ्या! मी म्हटलं, "गुंड्या, तूही रोज तीर्थ पितोस. नखं कापतोस ना रे?" तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. घरात काय शांतता होती म्हणून सांगू!

अशी वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर स्वारी मुलाकडे, रविकिरणकडे, इलेक्ट्रॉनिक सिटीला गेली. वसुमतीनं कात्री काढली. मी स्टूल धरलं.

"चुकलं तर, अक्का? दुसरी काडी आणायला आता ती जागाच नाही." म्हणाली, आणि कापत राहिली.

गुंड्या परतला, पाहतो तर मांडवावर काटक्या. आकाशपाताळ एक केलं. "माझी वेल मारली!" माझी म्हणे! वसुमतीच्या हातचं जेवणार नाही म्हणाला. संध्याकाळी बिसीबेळे भाताचा वास आला, तेव्हा मुकाट्यानं पाटावर येऊन बसला.

वसुमती रोज सकाळी वर जाऊन त्या काड्या बघायची. मला तर धास्तीच बसली होती. शेवटी काड्यांवरचे डोळे फुगले, फुटवे आले, आणि त्यांवर मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे तुरे.

आणि आमचा गुंड्या? गल्लीभर सांगत सुटला, "अभिषेकाचं पाणी! वर्षानुवर्षं घातलं, शेवटी देव पावला." लाज म्हणून नाही मेल्याला.

शिवरात्रीच्या सुमारास एक घोस आधी काळा झाला. तो मठातल्या पुजारी भीमाचार्यांच्या हाती नैवेद्याला द्यायचा, असं यानंच ठरवलं. कुणाला विचारलं नाही. सोवळं नेसून चांदीचं ताट घेऊन गच्चीवर आला.

वसुमती तोच घोस मांडीवर घेऊन बसली होती. एकेक मणी तोंडात टाकत होती आणि डोळे वाहत होते.

"अगं, उष्टं केलंस! आता नैवेद्याला काय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अप्पांचीच आहेत, अक्का," मला म्हणाली. "साल तशीच जाड." आणि पुढचा मणी तोडला.